चुकांचा रविवार

संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजून गेला की आमच्या गावात गृहपाठ सुरू होतो. भिंतीला कान असतात म्हणे. आमच्या घरांना भिंतीच नाहीत. खांब आहेत, वर छप्पर आहे, आणि मधे जे काय चाललं असेल ते रस्त्यानं जाणाऱ्या कोणाचंही आहे. सामोआतली सगळी जुनी घरं अशीच. त्यामुळे तिसरीच्या वर्गाची बाई म्हणून मला वेगळं काही तपासावं लागत नाही. जेवणाआधी समुद्राच्या कडेनं एक फेरी मारली, की कोणाचा गृहपाठ कोण करतंय ते आपोआप कळतं.

पेसामिनोच्या घरी त्याचा काका दिव्याखाली पालथा पडून गुणाकार करत असतो. पेन्सिल दातात, कपाळाला आठ्या. शेजारी पेसामिनो मांडी घालून बसलेला असतो आणि काकाला डास चावू नयेत म्हणून पंख्यानं वारा घालत असतो. अगदी मन लावून घालतो. वाऱ्याला मार्क असते तर मी त्याला दहापैकी दहा दिले असते.

पुढच्या घरात चर्चचे डीकन फेरेती मुलीच्या वहीत नदीचं चित्र काढत असतात. आमच्या गावात नदी नाही. पण काढायची म्हटल्यावर त्यांनी दोन काढल्या.

सगळ्यात शेवटी, फणसाच्या झाडांच्या पलीकडे, लेपेका आजीचं घर. तिथं आजी केवड्याच्या पातींची चटई विणत असते आणि तिची नात लोसा पोटावर पडून एकटीच लिहीत असते. खोडते, लिहिते, परत खोडते. आजीला बायबल वाचता येतं, पण आकड्यांशी तिचं कधी जमलं नाही. घरात तिसरं माणूस नाही. लोसाचा मामा ऑकलंडला कारखान्यात आहे. त्या घरात गृहपाठ मुलालाच करावा लागतो, ही गावाच्या मते फार वाईट परिस्थिती.

हे गृहपाठाचं खूळ मी आणलेलं नाही. मी काही कॉलेजात जाऊन झालेली शिक्षिका नव्हे. पाद्रीबाबांच्या शाळेत फळा पुसायचं काम करत होते, पुसता पुसता काय लिहिलंय ते वाचायला लागले आणि पुढं एक दिवस खडूही हातात आला. माझी समजूत अशी, की मुलं शाळा सुटल्यावर डुकरांना खायला घालतात, धाकट्या भावंडांना कडेवर घेतात, पाणी भरतात, नारळ खोवतात. तेवढा गृहपाठ पुरे.

पण तुइलोमा ऑकलंडला लेकाकडं जाऊन आले आणि माझी समजूत माझ्यापाशीच राहिली. तुइलोमा म्हणजे गावातल्या मोठ्या घराण्याचे मताई. मताईनं घराण्याच्या वतीनं बोलायचं असतं, आणि तुइलोमा बोलायला लागले की घराण्यातल्या सगळ्यांच्या वाटचं बोलून घेतात. शाळा समितीचे अध्यक्षही तेच.

"बाई, तिकडं माझ्या नातवंडांचा गृहपाठ फ्रीजवर चिकटवतात," ते म्हणाले. "आल्यागेल्याला दिसतो. आपल्याकडं काय आहे?"

"आपल्याकडं फ्रीज कमी आहेत," मी म्हटलं.

"थट्टा नको. गृहपाठ द्या. आणि मार्क रविवारी चर्चमध्ये वाचा."

"चर्चमध्ये कशाला?"

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी मासा पाण्यात कशाला म्हणून विचारलं. "एखाद्या घरानं काही दिलं आणि नाव पुकारलं नाही, तर दिलं कशाला?"

आमच्याकडं रविवारी उपासना संपली की डीकन उभे राहतात आणि कोणत्या घराण्यानं चर्चला काय दिलं ते मोठ्यानं वाचतात. ज्यानं सगळ्यात जास्त दिलं ते घराणं पहिलं, कमी दिलं ते शेवटी. पांढऱ्या कपड्यांत आणि पांढऱ्या टोप्यांत बसलेलं सगळं गाव ऐकतं. मी जन्मापासून ऐकत आले. आता त्या यादीच्या मागोमाग गृहपाठाची यादी सुरू झाली.

झालं. ज्या दिवशी घराण्याचं नाव लागलं, त्या दिवसापासून गृहपाठ मुलांच्या हातातून गेला.

मी खडकातले तीन मासे काढून आणा म्हटलं, तर तुइलोमांच्या घरून रंगीत खडूंनी काढलेले साठ मासे आले. पुढच्या घरानं सत्तर आणले. एका घराला चित्र काढणारं कोणी मिळालं नाही, म्हणून त्यांनी खराच मासा आणला, केळीच्या पानात गुंडाळून, तापल्या दगडांवर भाजलेला. मी दहापैकी दहा दिले. मीठ जरा कमी होतं, पण ते मी लिहिलं नाही.

नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसं झालं. गृहपाठ एवढा मोठा झाला की त्यापुढं शाळा दिसेना. तुइलोमांचा भाचा राजधानीत, आपियाला बँकेत आहे. तो दर शनिवारी बोटीनं भाचरांच्या बेरजा करायला यायला लागला. आणि वर्गात मी फळ्यावर विचारलं, "पेसामिनो, सात अठ्ठे किती?" तर पेसामिनो मुळीच न घाबरता म्हणाला, "बाई, ते आमच्या काकाला येतं."

त्याच्या आवाजात लाज नव्हती, खोडीही नव्हती. त्याचं म्हणणं एवढंच, की घरात एक होडी आहे आणि ती काका चालवतो. मग मी कशाला शिकू? बाकीच्या मुलांनी माना हलवल्या. त्यांच्याकडंही कोणाला ना कोणाला येत होतं.

"छप्पन्न," मागून लोसा म्हणाली.

वर्गात उत्तर देणारी आता ती एकटीच उरली होती. बाकीच्यांना दर आठवड्याला दहापैकी दहा, आणि लोसाला चार, कधी पाच, एकदा सहा. शिकताना चुका होतात, आणि तिच्या होत होत्या. म्हणून दर रविवारी डीकन सगळ्यात शेवटी म्हणायचे, "लेपेकाचं घर. चार." लेपेका आजी ताठ बसलेली असायची. चर्चमध्ये सगळ्या बायकांचे पंखे हलत असायचे, आणि त्या 'चार'ला तिचा पंखा थांबायचा. पुढच्या आठवड्याला 'पाच'ला थांबायचा. मला मागच्या बाकावरून तेवढंच दिसायचं.

एकदा मला राहवलं नाही. लोसानं सात सक सेहेचाळीस लिहिलं होतं, त्यावर मी बरोबरची खूण केली. आणखी दोनतीन ठिकाणी डोळेझाक केली. नऊ झाले. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन माझ्यापुढं उभी.

"बाई, हे बरोबर नाहीये."

"असू दे गं."

"असू दे कसं? आमच्या अळूच्या वाफ्यात सात ओळी आहेत आणि ओळीत सहा रोपं. काल मला शंका आली म्हणून मोजली. बेचाळीसच आहेत." मग जरा दबक्या आवाजात, मला वाईट वाटू नये म्हणून, "तुमचंही चुकतं कधी कधी."

मी नवाचे सहा केले. काय करणार!

त्याच आठवड्यात लेपेका आजीनं मला बोलावलं. मी गेले तेव्हा ती अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून पुड्या बांधत होती. हात थांबवले नाहीत.

"बस बाई. तुला सांगून ठेवते. नाताळच्या आधी लोसाला तिच्या मामाकडं पाठवणार आहे. ऑकलंडला."

"का?"

"तिकडं घरात गणित येणारी माणसं आहेत. मामी नर्स आहे."

"आजी, लोसा माझ्या वर्गात पहिली आहे."

"असेल."

"असेल नाही, आहे. विचारलेलं येणारी ती एकटी आहे. बाकीच्यांचं सगळं त्यांच्या काकांना येतं."

आजी हसली नाही. "तुझ्या शाळेला भिंती आहेत," ती म्हणाली. "आत काय होतं ते कोणाला दिसतं? चर्चमध्ये सगळं गाव असतं. त्या पोरीचं नाव दर रविवारी शेवटी येतं, आणि ती माझ्याकडं बघते. मी तिला काय देऊ? मला कुठं येतात आकडे!"

"ती गेली तर तू एकटी पडशील."

"मग? चटया विणीन."

लोसा घरामागं डुकरांना नारळ घालत होती. भिंत नसल्यामुळं तिला सगळं ऐकू येत होतं, आणि ऐकू येत नाहीये असं दाखवायला ती डुकरांशी मोठमोठ्यानं बोलत होती. "ए, ढकलू नको. सगळ्यांना मिळेल. तू मागं हो. मी जाणार नाहीये कुठं." शेवटचं वाक्य डुकराला कशाला सांगायला हवं होतं?

मी तशीच तुइलोमांकडं गेले. ते जेवून आडवे झाले होते.

"गृहपाठ बंद करू या," मी म्हटलं.

"बंद? आत्ता?" ते उठून बसले. "दहावाल्यांत आत्ताच कुठं आमचं नाव पहिलं वाचलं जातंय! लोक म्हणतील, तुइलोमा घसरायला भ्याला. भाचा बोटीनं येतो, बाई. त्याला उलट्या होतात. तरी येतो."

"मुलं शिकत नाहीयेत."

"शिकत नाहीत कशी? सगळ्यांना दहापैकी दहा आहेत. मार्क तुम्हीच देता ना?"

हात दाखवून अवलक्षण. मी घरी आले.

त्यावर मला एक युक्ती सुचली, आणि खरं सांगते, ती पुढं जशी फळली तशी फळेल असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मला एवढंच हवं होतं, की घराण्यांनी लाजून यादी बंद पाडावी. मी शुक्रवारी फळ्यावर लिहिलं: 'या आठवड्यात आपल्या हातून झालेली एक चूक लिहून आणा. ती का झाली आणि कशी कळली तेही लिहा.' म्हटलं, चर्चमध्ये आपल्या चुका वाचायला कोण तयार होईल?

त्याच संध्याकाळी तुइलोमा माझ्याकडं आले. बरोबर डीकन.

"हे काय आहे, बाई? आमच्या घराण्यात चुका होत नाहीत."

"मग कोरा कागद द्या."

"कोरा? कोऱ्या कागदाला मार्क किती?"

"शून्य."

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. डीकन म्हणाले, "शेजाऱ्यांची चालेल का? शेजाऱ्यांच्या भरपूर आहेत."

"आपलीच हवी."

तुइलोमांनी समुद्राकडं पाहिलं. मग डीकनना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणून विचारलं, "फेरेतीच्या घरून किती येणार आहेत?"

"मी एकच म्हटलंय," मी म्हणाले.

"एकच द्यायची ती ज्यांना जास्त परवडत नाहीत त्यांनी," तुइलोमा म्हणाले आणि उठले.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण शिकवणाऱ्याला सगळ्यात उशिरा कळतं.

शनिवारी गावात फेरी मारली तर कधी नव्हे ती शांतता. घराघरात मोठी माणसं गोल करून बसलेली. बँकेतला भाचा वहीत भागाकार करत होता आणि प्रत्येक ठिकाणी मुद्दाम चुकत होता. पण बँकेतला माणूस तो, चुकताना हात अडत होता. लिहायचा, आपोआप बरोबर यायचं, मग खोडायचा. पेसामिनोचा काका एका चुकीवर खूश होऊन ती बायकोला वाचून दाखवत होता. "ऐक, मी लिहिलंय की पंधरातून नऊ गेले, चोवीस उरले!" बायको म्हणाली, "यात लिहायला काय आहे, तुझा पगार तू असाच मोजतोस." एका घरानं तर दुसऱ्या घराच्या चुका उतरवून घेतल्या, आणि उतरवताना चुकून दोन बरोबर झाल्या. मुलं डास वारत बसली होती.

लोसा एकटी लिहीत होती. आजी चटईवर वाकलेली. ती मधेच काहीतरी म्हणाली आणि लोसानं ते लिहून घेतलं. ते काय, ते मला रस्त्यावरून ऐकू आलं नाही.

रविवार आला. उपासना झाली, चर्चची यादी झाली. डीकन फेरेतींनी चष्मा पुसला आणि गृहपाठाचा कागद उघडला. मार्क मी दिले नव्हते. ज्याच्या त्याच्या चुका मोजून आकडे लिहिले होते, आणि डीकननी नेहमीच्या सवयीनं मोठा आकडा वर, लहान खाली असे ते लावून घेतले होते.

"तुइलोमांचं घर," ते खड्या आवाजात म्हणाले, "चोवीस चुका."

तुइलोमांनी मान किंचित झुकवली. पहिला नंबर. भाचा त्यांच्या शेजारी पांढराफटक बसला होता, बोटीचं अजून उतरलं नव्हतं.

"माझं स्वतःचं घर. एकवीस चुका." डीकनच्या आवाजात जरा खंत होती. रात्री आणखी चारपाच जमल्या असत्या, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"पेसामिनोचं घर. एकोणीस."

अठरा. चौदा. अकरा. लोक कान देऊन ऐकत होते, कोण वर गेलं, कोण खाली आलं. पंखे हलत होते. मी लेपेका आजीच्या पंख्याकडं बघत होते.

"आणि शेवटी," डीकन म्हणाले, "लेपेकाचं घर. एक चूक."

पंखा थांबला.

पहिल्या बाकावर तुइलोमांची म्हातारी आई बसते. तिला कमी ऐकू येतं, म्हणून तिला वाटतं की इतरांनाही कमी ऐकू येतं. ती शेजारणीला म्हणाली, आणि ते सगळ्या चर्चनं ऐकलं: "काय म्हणाला? लेपेकाकडं एकच? आणि आपल्याकडं चोवीस?"

"हो, आई," तुइलोमा पुटपुटले. "आपण पहिले."

"पहिले कशात? चुकांत? अरे देवा! आपलं घर एवढं वाईट आहे होय?"

मग चर्चमध्ये जे झालं ते सांगायला मला अजून नीट शब्द सापडत नाहीत. तो हिशोब बाकावरून बाकावर सरकत मागं आला, समुद्राचं पाणी खडकांतून येतं तसा. बायका आपापल्या नवऱ्यांकडं बघायला लागल्या. पेसामिनोची काकू म्हणाली, "एकोणीस! मी सांगत होते." एक जण हसला. मग पाद्रीणबाईंनी तोंडाला पंखा लावला, आणि पाद्रीणबाई हसतात म्हटल्यावर बाकीच्यांना मोकळीक मिळाली.

"कोणती चूक?" म्हातारी ओरडली. "त्या एकटीची कोणती? वाच की!"

डीकननी पाद्रीबाबांकडं पाहिलं. पाद्रीबाबांनी मान हलवली. डीकन वाचू लागले:

"'मी सात सक सेहेचाळीस लिहिलं. मला वाटलं ते बरोबर आहे. मग आमच्या वाफ्यात जाऊन रोपं मोजली. सात ओळी, ओळीत सहा. बेचाळीस भरली. परत मोजली, तरी बेचाळीस. तेव्हा मला माझी चूक कळली. मी आजीला सांगितलं. आजी म्हणाली, तुझी चूक नाही, चार डुकरानं खाल्ली असतील.'"

मी पुष्कळ रविवार बघितले आहेत, पण उपासनेनंतर चर्चचं छप्पर असं हादरलेलं बघितलं नव्हतं. तुइलोमासुद्धा हसले, आधी ओठ मिटून, मग न मिटता. फक्त लेपेका आजी हसली नाही. लोसानं तिच्याकडं पाहिलं. आजीनं टोपी सरळ केली, पंखा उचलला आणि सावकाश वारा घालायला लागली, स्वतःला आणि नातीलाही.

बाहेर पायऱ्यांवर बायका तिला घेरून उभ्या राहिल्या. "काय गं लेपेका, गावात सगळ्यात कमी चुकांचं घर तुझं!"

"मला अजून वाटतं डुकरानंच खाल्ली," ती म्हणाली.

तुइलोमा माझ्याजवळ आले. "बाई," ते म्हणाले, "गृहपाठ हा मुलांचा विषय आहे. चर्चमध्ये असल्या गोष्टी वाचणं बरं नाही. तुम्हीही कशाला असलं सुरू करता?"

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"तुमचीही मोजायला हवी होती," ते म्हणाले आणि जेवायला गेले.

सोमवारी शाळा सुटताना लेपेका आजी आली. हातात केळीच्या पानात बांधलेलं जेवण. तिला वर्गात आत येताना मी कधी पाहिलं नव्हतं. दारातच उभी राहिली आणि भिंतींकडं बघत म्हणाली, "मामाला कळवलं. लोसा येत नाही म्हणून. सगळ्यात कमी चुका ज्या घरात, त्या घरातली पोर बाहेर कशाला पाठवायची?"

मी जेवण घेतलं.

"पण एक सांगते, बाई." तिनं आवाज खाली आणला. "आता तिला अवघड काही देऊ नकोस. आमची एकच चूक आहे. ती एकच राहू दे."

"आजी, शिकायचं म्हटलं की—"

"एकच," ती म्हणाली. पाठ फिरवली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्यावर लिहिलं, 'तेरा चोक'. एकही हात वर आला नाही. लोसाचाही नाही. ती दोन्ही हात मांडीखाली घालून बसली होती, आजीनं सांगितलेलं असणार. पेसामिनो आपल्या काकाला आठवून बघत होता, पण यादी बंद झाल्यावर आता काका सांगणार नाही हे त्याच्या लक्षात येत होतं. वर्गात डुकरांचा आवाज येत होता.

मी उठले. दार लावून घेतलं. खिडक्यांच्या काचेच्या पट्ट्या एकेक करून खाली केल्या. उकडायला लागलं. मुलं टकामका बघत राहिली.

"इथं भिंती आहेत," मी म्हटलं. "आत काय झालं ते कोणाला दिसत नाही."

लोसानं एक हात मांडीखालून काढला. दाराकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बेचाळीस?"

"नाही."

"अठ्ठेचाळीस?"

"नाही."

"बाई, मी सांगू?" पेसामिनो उभाच राहिला. काका कुठंच नव्हता. "चौसष्ट!"

"नाही," मी म्हटलं, आणि खडू त्याच्या हातात दिला. "ये इकडं. कशावरून ते दाखव."